फुकटचा भुसा

पिंजऱ्यात गुंडी शिंकली तेव्हा ती बेसिनपाशी दात घासत होती. नळ चालू होता, खालच्या मजल्यावर कुणीतरी खुर्ची सरकवत होतं, रस्त्यावर कचऱ्याची गाडी मागं येताना वाजत होती, आणि तरीही तिला ते ऐकू आलं. तिच्या कानांना हीच खोड होती. दिवसभर ती कानाच्या दवाखान्यात बसायची. काचेच्या बंद खोलीत माणसं बसवायची, त्यांच्या कानांवर हेडफोन चढवायची, बाहेरून एकेक बारीक आवाज सोडायची आणि माणूस बोट वर करतो का ते बघायची. ऐकू न येणारी माणसंसुद्धा कधीकधी बोट वर करायची, आपल्याला काही झालेलं नाही हे दाखवायला. तिला ते लगेच कळायचं. तर ही शिंक. एखाद्यानं कागदाचा कोपरा टचकन फाडावा एवढीच. तिनं चूळ भरली, नळ बंद केला आणि ओल्या हातानं तशीच उभी राहिली. पुन्हा आली. मग लागोपाठ तीन. ती पिंजऱ्यापाशी गेली तर गुंडी भुशात मागच्या पायांवर बसून दोन्ही हातांनी नाक पुसत होती, मन लावून, जणू त्या नाकाचा तिला राग आला होता. एक डोळा चिकटला होता. मुठीत मावेल एवढा जीव, आणि छाती अशी भराभर हलत होती, की बघणाऱ्यालाच धाप लागावी. तिला धाप लागली नाही. तिला राग आला. कुणाचा ते तिला त्या क्षणी सांगता आलं नसतं.

गुंडी तशी तिची नव्हे, भाचीची, दादाच्या मुलीची. भाची शिकायला दुसऱ्या गावी गेली, वसतिगृहात हॅमस्टर चालत नाही, आणि वहिनीनं आधीच सांगून ठेवलं होतं, की हा उंदीर माझ्या घरात एक दिवस जास्त राहिला तर मी माहेरी जाईन. “आत्या, तू ठेवशील ना गं?” भाची पिंजरा छातीशी धरून दारात उभी होती. डोळे शर्टाच्या काळ्या गुंडीसारखे म्हणून नाव गुंडी, एवढं सांगून तिनं दाण्यांची पिशवी, पाण्याची नळीची बाटली आणि एक फिरतं चाक टेबलावर मांडलं, आणि रडत निघून गेली. आत्यानं ठेवली. लग्न न केलेल्या बाईकडे सगळे असंच काहीबाही आणून ठेवतात, जादा कपाट, जुनी शिलाई मशीन, सुट्टीपुरती झाडं. त्यांना वाटतं हिच्याकडे जागा आहे. जागा तशी नव्हतीच, दोन खोल्या होत्या, पण गुंडी आल्यावर ती घरी परतताना जिना भराभर चढू लागली, हे तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. आणि गुंडीबरोबर भुसाही येऊ लागला. दादाची लाकडाची वखार होती. महिन्यातून एकदा दादा स्वतः पोतं घेऊन यायचा, दारात धपकन टाकायचा, म्हणायचा, “घे, तुझ्या राणीसरकारांची गादी. फुकट आहे, लाजू नकोस.” आणि तीही हसून ते आत ओढून घ्यायची. ताजा, पिवळट, उबदार भुसा. वास असा, की डोळे मिटले तरी आपण कुणाची मुलगी आहोत ते आठवावं.

तो वास आता तिनं पिंजऱ्यात नाक घालून मुद्दाम घेतला, आणि घशात काहीतरी खवखवलं. बाबा संध्याकाळी वखारीतून घरी यायचे तेव्हा त्यांच्या भुवया पिवळ्या असायच्या. आई त्यांना दाराबाहेर उभं करून टॉवेलनं झटकायची, सतरंजी झटकावी तशी, आणि ते हात पसरून, डोळे मिटून, मुकाट उभे राहायचे. दारातल्या उन्हात तो भुसा सोन्यासारखा उडायचा. ती आणि दादा त्यात उड्या मारायचे. मग पुढं कधीतरी बाबा झटकून घेताना खोकू लागले. मग झटकल्यानंतरही. मग जेवताना, मग बोलताना, वाक्य अर्ध्यावर सोडून, एक बोट वर करून, थांबा म्हणून. ते बोट वर राहायचं आणि घरातले सगळे घास हातात धरून थांबायचे. शेवटी शेवटी ते आडवे होऊ शकत नव्हते. आई त्यांच्या पाठीशी गाद्यांची उतरंड लावायची, आणि ते बसल्याबसल्या झोपायचे, हनुवटी छातीवर टेकवून, श्वास सोडताना एक बारीक शिटी वाजायची. ती पलीकडच्या खोलीत अभ्यास करता करता ती शिटी ऐकत असे. कानांची ही खोड तिथूनच लागली असणार. आणि बाबा गेले तेव्हा घरात एक वाक्य तयार झालं: सिगारेटनं गेले. आई म्हणाली, काका म्हणाले, भेटायला येणारा प्रत्येक जण म्हणाला, आणि दादानं ते उचललं, कारण दुसऱ्याच आठवड्यात त्याला वखार उघडायची होती. वाक्य सोयीचं होतं. त्या वाक्याच्या आडोशाला बसून सगळं घर पुढं जेवलं.

जनावरांची डॉक्टरीण तरुण होती, हाताला मांजराचे ओरखडे होते. तिनं गुंडीला तळहातावर घेऊन कानाशी धरलं, आणि हे बघून तिला त्या डॉक्टरणीबद्दल एकदम विश्वास वाटला. “खाली काय घालता?” “भुसा.” “कुठल्या लाकडाचा?” “वखारीतला. मिळेल तो. पाइन असतो, देवदार असतो.” डॉक्टरीण म्हणाली, “मग औषध देते, पण आधी तो काढा. पाइन, देवदार, ही वासाची लाकडं यांना सोसत नाहीत. आणि करवतीचा बारीक भुसा तर कुठल्याच लाकडाचा नको. हिचं नाक जमिनीपासून किती वर आहे बघा. ती त्या धुळीतच राहते, त्यातच झोपते.” थांबून म्हणाली, “आपण निदान संध्याकाळी घरी जातो.” तिनं हे सहज म्हटलं, औषधाची बाटली शोधता शोधता. पण ऐकणारी खुर्चीतच बसून राहिली. मागं कुत्रा घेऊन बसलेल्या गृहस्थांनी घसा खाकरला. “आणखी काही विचारायचंय?” डॉक्टरणीनं विचारलं. विचारायचं पुष्कळ होतं, पण ते जनावरांच्या डॉक्टरला विचारण्यासारखं नव्हतं. “मग काय घालू?” तिनं विचारलं. “कागद. साधा, बिनवासाचा, बिनछपाईचा. कापसासारखं मऊ मऊ मिळतं दुकानात, ते अजिबात नको, पायाला गुंडाळतं, पोटात गेलं तर अडकतं. आणि थर जाड द्या. वीतभर तरी. यांना खणायचं असतं. खणायला मिळालं नाही तर वेड्यासारख्या गज चावतात.” गुंडी गज चावायची. तिला वाटायचं, दात शिवशिवत असतील.

पाळीव प्राण्यांच्या दुकानात एक अख्खी भिंत गाद्यांची होती. गुलाबी, निळ्या, फुलांच्या वासाच्या, फळांच्या वासाच्या; एका पाकिटावर एक हॅमस्टर ढगात झोपलेला. दुकानदारानं तेच पुढं केलं. “ताई, हे घ्या. एकदम रेशीम. सगळे हेच नेतात.” तिनं पाकिटाच्या फटीतून एक चिमूट ओढून काढली आणि दोन बोटांत ताणली. धागा तुटेना. बोटाभोवती फिरवून ओढला तर बोट पांढरं पडलं. तिला गुंडीचा मागचा पाय दिसला, काडीपेटीच्या काडीएवढा. “हे नको.” “मग हे घ्या, लॅव्हेंडर. घाण वास येत नाही.” “तिला लॅव्हेंडरचा येतो ना,” ती म्हणाली. दुकानदार हसला. दाणे काढलेल्या मक्याच्या कणसाचे भरडलेले तुकडे दाखवले, ते ओले झाले की बुरशी धरतात हे त्यानं स्वतःच कबूल केलं. मांजरांच्या शी-शूसाठी मिळते त्या मातीकडे तिनं बघितलंही नाही, ती पाण्यानं दगड होते. शेवटी कागदाची गादी निघाली, करडी, बिनवासाची. तिनं परवानगी न विचारता मूठभर एका पारदर्शक पिशवीत घातली, पिशवी उन्हाकडे धरून हलवली आणि बघितलं. धूळ जवळजवळ नव्हती. पण वीतभर थराला ती तीन पाकिटं लागली असती, आणि त्यांची किंमत ऐकून तिला हसू आलं. “उंदराच्या मानानं फार होतंय ना?” दुकानदार समजूतदारपणे म्हणाला. “काय आहे ताई, असं करा, भुसाच घाला. वर्षानुवर्षं सगळे भुसाच घालतात. काही होत नाही.” ती दुकानाबाहेर आली तेव्हा तिचे कान तापले होते. काही होत नाही. हे तिनं किती जणांच्या तोंडून ऐकलं होतं. काचेच्या खोलीत बसलेला यंत्रमागावरचा माणूस, भोंगे तपासणारा माणूस, रस्ता फोडणारा माणूस. सगळ्यांना त्यांच्या बायका हाताला धरून आणत, आणि सगळे खुर्चीत बसता बसता हेच म्हणत. आणि आपण? आपणही महिन्याच्या महिन्याला पोतं आत ओढून घेत होतो. हसत.

कागद तिला दवाखान्यातच सापडला, इतका नाकासमोर, की तिला स्वतःची गंमत वाटली. तपासणीच्या टेबलावर पेशंटच्या खाली अंथरतात तो पांढरा कागद, लांबलचक गुंडाळी, ना वास ना शाई, हातानं टर्रकन फाटणारा. माल पुरवणाऱ्याकडून तिनं दोन गुंडाळ्या आपल्या नावावर मागवल्या. दुकानातल्या एका पाकिटापेक्षाही स्वस्त पडल्या. काउंटरवरची मुलगी म्हणाली, “मॅडम, घरी दवाखाना काढताय की काय?” “गादी भरतेय,” ती म्हणाली. त्या संध्याकाळी तिनं पिंजरा रिकामा केला, धुतला, पुसला. वर जाळी आणि खाली उथळ ताटली होती, तिच्यात वीतभर थर राहीना. तेव्हा हिवाळ्याची पांघरुणं ठेवायचा मोठा पारदर्शक डबा तिनं रिकामा केला, पांघरुणं पलंगावर रचून टाकली, झाकणाचा मधला भाग कापून तिथं जाळी बसवली. मग जमिनीवर मांडी घालून ती कागद फाडत बसली. पट्ट्या, मग पट्ट्यांचे तुकडे, मग ते चुरगाळून, सोडून, पुन्हा चुरगाळून. बोटं कोरडी पडली. फाडण्यात एक प्रकारचं सुख होतं, हे तिच्या लक्षात आलं. आणि हेही, की आपण कुणाशी तरी भांडत असल्यासारखे दात आवळलेत. तिनं जुन्या घरट्यातला मूठभर भाग राखला नाही, सगळा भुसा फेकला. फक्त गुंडीनं स्वतः कुरतडून केलेल्या पुठ्ठ्याच्या चिंध्या तेवढ्या परत घातल्या, तिला आपला वास मिळावा म्हणून. गुंडीला वर सोडलं. ती क्षणभर पांढऱ्यावर उभी राहिली, मिशा हलवत, फसवलं तर जात नाही ना असं बघत. मग तिनं डोकं खाली घातलं आणि पोहायला उतरल्यासारखी आत गेली. वरचा कागद थोडा हलत राहिला, इथं, मग तिथं. चार-सहा दिवसांत शिंका गेल्या. गज चावायला गजच नव्हते.

दादा रविवारी आला. जिन्यात त्याची पावलं तिनं ओळखली, आणि पावलांच्या मधला तो थांबाही. मागच्या महिन्यात तो थांबा पहिल्या मजल्यावर नव्हता. दार उघडलं तर तो चौकटीला हात टेकून उभा, पोतं पायाशी, कपाळावर घाम. “ही घे राणीसरकारांची गादी,” तो मोठ्यानं म्हणाला. करवतीजवळ उभं राहून त्याला कमी ऐकू येत होतं, म्हणून तो सगळ्यांशी मोठ्यानं बोलायचा. “दादा, बस आधी. पाणी घे. आणि हे नको मला आता.” “का, मेला उंदीर?” “नाही. भुशानं शिंकत होती. डॉक्टरांनी काढायला सांगितला. आता कागद घालते.” तो हसला, डबा बघितला, टिचकी मारली. “कागद! विकत! बाबांची वखार असताना हिला कागद विकत आणावा लागतो. चिमणे, लोक ऐकतील तर मला हसतील.” “हसू देत.” “अगं, भुशानं काय होतंय? आपण नाही का त्यात वाढलो? उड्या मारायचो.” वाक्याच्या शेवटी, श्वास सोडताना, तिनं ती शिटी ऐकली. अगदी बारीक. काचेच्या खोलीत ती सगळ्यात शेवटी सोडायची तेवढ्या आवाजाची. तिच्या हातातला पाण्याचा पेला तसाच राहिला. “दादा, तुला कधीपासून धाप लागते?” “वय झालं. जिना काय कमी आहे तुझा?” “श्वास सोड बघू पुन्हा.” “आता माझी पण परीक्षा घेतेस का?” “बाबांची अशीच वाजायची.” तो एकदम उठला. “बाबा सिगारेटनं गेले.” “बाबांनी सिगारेट मी शाळेत जायच्या आधी सोडली होती, दादा. आईनं पाकीट चुलीत घातलं होतं, तूच सांगायचास ती गोष्ट.” “सगळ्या घरानं ज्यावर खाल्लं त्याला नावं ठेवायची नाहीत,” तो म्हणाला, आणि आता त्याचा आवाज मोठा नव्हता. “तुझी फी कशातून गेली? ती कानाची मशिनं शिकलीस ती कशातून?” “भुशातून,” ती म्हणाली. “म्हणूनच सांगतेय.” तो पोतं तिथंच टाकून निघून गेला. जिन्यात तो दोनदा थांबला.

दुपारी वहिनीचा फोन आला. “काय बोललात हो त्यांना? जेवले नाहीत. उंदरावरून बाबांना मध्ये आणायची काय गरज होती?” ती वहिनीशी भांडली नाही. “वहिनी, झोपतात कसे ते? आडवे?” पलीकडं वहिनीनं टीव्हीचा आवाज कमी केला. “दोन उशा घेतात,” वहिनी म्हणाली. मग, “हल्ली तीन.” मग घाईघाईनं, “पण तुम्ही आता हा विषय काढू नका. मी समजावून सांगितलंय, तुमच्या मनात तसं काही नव्हतं म्हणून.” “माझ्या मनात तसंच होतं,” ती म्हणाली आणि फोन ठेवला. इतकी वर्षं आपण घरातलं ते वाक्य पिंजऱ्यातल्या पाण्याच्या बाटलीसारखं चोखत बसलो, एकेक थेंब, आणि आपल्याला तहान भागल्यासारखं वाटत होतं. आईला दुखावू नये म्हणून, मग दादाला एकटं पाडू नये म्हणून, मग सवय म्हणून. धाकटी ना आपण. धाकट्यांनी ऐकायचं, आणि आपल्याला तर ऐकू जास्तच येतं. आता पुरे. छातीच्या डॉक्टरकडे तिनं दुसऱ्या दिवशीच्या सकाळी अकराची वेळ घेतली. दवाखान्यातल्या ओळखीनं मिळाली, एरवी आठवडाभर थांबावं लागलं असतं. मग तिनं साडीचा पदर खोचला, पोत्याचं तोंड आवळलं आणि ते खांद्यावर घेतलं. भुसा हलका असतो. एवढं मोठं पोतं आणि एवढं हलकं, हेच त्यातलं फसवं.

वखार पुलापलीकडे होती. रविवार असूनही दादा तिथं असणार हे तिला माहीत होतं. रागावला की तो करवत चालवायचा. रस्त्यात लोक बघत होते. चष्मा लावलेली, पर्स अडकवलेली बाई खांद्यावर पोतं घेऊन चालली आहे. एक रिक्षावाला म्हणाला, “बाई, टाका मागं, सोडतो.” “नको,” ती म्हणाली. तिला चालायचं होतं. पोत्याच्या विणीतून भुसा झिरपून मानेवर उतरत होता, खाजत होता. वखारीच्या दारात तिला नेहमीसारखं थांबावंसं वाटलं, बाबा तिथं दम घ्यायला थांबायचे म्हणून; ती थांबली नाही. आत पत्र्याखाली फळ्यांच्या थप्प्या, मध्ये मोठी करवत, दादा आणि म्हातारा मिस्त्री. मिस्त्री बाबांच्या वेळचे. त्यांनी तिला बघून खटका बंद केला. तिनं पोतं करवतीसमोर ठेवलं. “तुझा माल परत आणलाय.” “ठेव आणि जा,” दादा म्हणाला. “उद्या अकराला छातीच्या डॉक्टरकडे जायचंय. मी वेळ घेतलीय.” “मी येणार नाही.” “मग मी इथं बसते.” ती पोत्यावर बसली. पर्स मांडीवर ठेवली. “हे काय पोरखेळ चाललेत? मिस्त्री, सांगा हिला.” मिस्त्री दुसरीकडे बघत रुमालानं हात पुसत राहिले. “बसायचं तर बस,” दादा म्हणाला, आणि त्यानं स्वतः खटका दाबला.

करवत सुरू झाली. आधी नुसती गुणगुण, मग फळी लागली आणि तो आवाज तिच्या डोक्यात आरपार गेला. दवाखान्यात ती लोकांना सांगायची, कानात बोळे घाला. आज तिनं हात कानाकडे नेला नाही. पात्यापासून भुशाचा फवारा सुटला आणि थेट तिच्यावर आला. केसांवर, चष्म्यावर, ओठांवर. दारातून ऊन आत येत होतं आणि त्यात तो सोन्यासारखाच उडत होता, लहानपणी उडायचा तसाच, आणि आता तिला त्यात उडी मारावीशी वाटत नव्हती. तिनं तोंड फिरवलं नाही. पदर नाकाशी धरला नाही. चष्म्याच्या काचा पिवळ्या झाल्या, तरी त्या तिनं पुसल्या नाहीत. दादा आता नुसता एक आकार होता, पुढं वाकलेला, फळी ढकलणारा, आणि त्या आकाराला बाबांचेच खांदे होते. दुसरी फळी. घशात खवखवलं. ती खोकली, एकदा, मग थांबेना म्हणून पुन्हा, आणि तिनं खोकला दाबायचा प्रयत्न केला नाही, उलट मोठ्यानं, मोकळ्यानं खोकली, करवतीच्या वर आवाज काढायचा असल्यासारखी. तिसरी फळी लागली नाही. आवाज उतरू लागला. दादा पलीकडून वळसा घालून तिच्यापुढं आला होता, आणि त्याचे दोन्ही हात तिच्या डोक्यावरचा, खांद्यावरचा भुसा झटकत होते, भराभर, चिडून, आई झटकायची तसे.

“ऊठ,” तो म्हणाला. “ऊठ तिथनं. मूर्ख आहेस का? छातीत जाईल तुझ्या.”

ती उठली नाही. तिनं चष्मा काढला आणि त्याच्याकडे बघितलं. “काय जाईल, दादा?”

तो उभा होता, हात तिच्या खांद्यावर. त्याला पुष्कळ बोलायचं असावं, कारण त्यानं दोनदा तोंड उघडलं, आणि दोन्ही वेळा आधी शिटी आली. मिस्त्रींनी ती ऐकली. दादानंही, बहुतेक पहिल्यांदाच. करवतीचं पातं मागं अजून आपोआप फिरत होतं, मंद होत होतं.

“अकराला माल जायचाय माझा,” शेवटी तो म्हणाला, नेहमीच्या मोठ्या आवाजात.

“मिस्त्री पाठवतील.”

“पाठवतो की,” मिस्त्री म्हणाले. “त्यात काय.”

“मग?” दादा म्हणाला. “आता तरी ऊठ.”

“तू हो म्हण,” ती म्हणाली, आणि पोत्यावर जरा मागं सरकून नीट बसली.